समुद्रशैवालाचे बीजाणू आणि अतिनील किरण : प्रयोगात या चुका टाळा

समुद्रशैवालाच्या आयुष्यात सगळ्यात नाजूक काळ बीजाणूचा, म्हणजे ज्यातून नवं शैवाल उगवतं त्या सूक्ष्म कणाचा. एकच पेशी, सुटतेवेळी अंगावर धड भिंतही नाही, त्यामुळे किरण थेट डीएनएपर्यंत जातात. गोव्यातल्या हणजुणे-वागातोरच्या खडकांवर शैवाल ओहोटीला हाताशी येतं, म्हणून प्रकल्पाला हा विषय सोपा वाटतो. फसगत होते ती दिव्यापाशी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे लॅमिनार कपाटातली (गाळलेल्या, निर्जंतुक हवेत काम करायच्या कपाटातली) जंतुनाशक नळी वापरणं. तिचा प्रकाश 254 नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील-सी. तो ओझोन थरात अडतो, खडकावर कधी पोहोचतच नाही. बीजाणू मरतील, पण त्यावरून दोनापावलाच्या किनाऱ्याबद्दल काहीच कळणार नाही. इथे कामाचे ते अतिनील-बी (280 ते 315 नॅनोमीटर) आणि अतिनील-ए (315 ते 400). अतिनील-बी देणाऱ्या नळ्यांमधूनही थोडं अतिनील-सी झिरपतं, ते सेल्युलोज ॲसिटेटच्या फिल्मने गाळावं लागतं. ही फिल्म किरणांनीच जुनी होते आणि हळूहळू कमी प्रकाश सोडते. पहिल्या आठवड्यातली फिल्म शेवटपर्यंत ठेवली, तर मात्रा घसरत गेलेली असते आणि आपण लिहितो, ‘शैवाल सरावलं’!

उलटी फसगत झाकणाची. ‘काहीच परिणाम नाही’ असा निकाल आला की आधी बीजाणूंच्या ताटलीवर काय होतं ते बघा. साधी काच अतिनील-बी जवळजवळ पूर्ण अडवते. झाकण काढा किंवा क्वार्ट्‌झचं घ्या, आणि मोजमापक शक्यतो बीजाणूंच्या पातळीवर धरा. नियंत्रण गटही (तुलनेसाठी अतिनील न देता ठेवलेल्या ताटल्या) उघडा सोडू नका. त्याच्यावर अतिनील अडवणारी पारदर्शक फिल्म हवी, नाहीतर दोन्ही गटांचा दृश्य प्रकाश वेगळा पडतो.

किरण दिल्यावर ताटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवण्याची सवय मोडा. डीएनए दुरुस्त करणारं फोटोलायेज हे विकर (एन्झाइम) निळ्या आणि अतिनील-ए प्रकाशावरच चालतं. अंधारात ती दुरुस्ती बंद, म्हणून नुकसान आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. दिव्याखाली दृश्य प्रकाश फार मंद ठेवला तरी तसंच होतं.

उन्हात प्रयोग करत असाल तर पाण्याचं तापमान आणि क्षारता (खारटपणा) लिहून ठेवा. मेच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य भर माथ्यावर असतो. उथळ ताटली तापते, पाणी आटतं, आणि दोष किरणांच्या माथी जातो.

मोजणीची घाई नको. अंकुर फुटला म्हणजे बीजाणू वाचला असं नाही. फुटून दोन-चार पेशींवर अडलेलेही असतात. अंकुरणाची टक्केवारी आणि पुढची लांबी वेगवेगळी नोंदवा, तीही एकाहून अधिक दिवशी. ताटलीत तपकिरी साय धरली तर ते बहुधा डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शैवाल. जर्मेनियम डायऑक्साइडने ते आटोक्यात येतात, पण हे रसायन जास्त झालं तर तपकिरी शैवालालाही बाधतं, तेव्हा सारगॅसम या तपकिरी शैवालाच्या ताटलीत हात आखडता ठेवा. सारगॅसमचे बीजाणू म्हणून नोंद करू नका, ती फलित अंडी असतात. उल्वा या हिरव्या शैवालाचंही पाहून घ्या: चार कशाभिका (पोहायचे शेपटीसारखे धागे) असतील तर चलबीजाणू म्हणजे पोहणारे बीजाणू, दोन असतील तर युग्मक म्हणजे लैंगिक पेशी.

आणि आईशैवाल कुठून उचललं, भर उन्हातल्या खडकावरून की सावलीतल्या खळग्यातून, हे वहीत नोंदवा. दोन ठिकाणचा माल एकाच बादलीत मिसळला, तर निकालातला गोंधळ नंतर निस्तरता येत नाही.