घरच्या कॉम्प्युटरसाठी पहिलं लिनक्स निवडताय? या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षा चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे थिंकपॅड टी४७० किंवा लॅटिट्यूड ७४८० यांसारखे धडधाकट लॅपटॉप, जे नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून निघून सेकंडहँड बाजारात येतात, ते विंडोजच्या दृष्टीने बाद झाले. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर ते अजून काही वर्षं उत्तम चालतील. पण बरेच जण डिस्ट्रो (लिनक्सचा तयार प्रकार) निवडतात ते यूट्यूबवर दिसलेल्या डेस्कटॉपवर भाळून, आणि आठवडाभरात वैतागून सोडून देतात. डिस्ट्रो पारखायचं ते आपल्या मशीनवर आणि आपल्या कामावर.

नावाला भुलून काली किंवा आर्च ही डिस्ट्रो घेणं

काली लिनक्स हे सुरक्षा चाचण्या करणाऱ्यांचं साधन आहे. घरी बिल भरायला, मुलांच्या अभ्यासाला ते घेऊ नका. आर्च उत्तम आहे, पण ते सतत बदलत राहतं आणि अपडेटआधी सूचना वाचायची सवय मागतं. पहिल्यांदाच येणाऱ्याने लिनक्स मिंट घ्यावं, नाहीतर उबुंटूची एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती. ८ जीबी रॅम असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर त्याहून हलकी एक्सएफसीई.

उबुंटू घेताना 'एलटीएस' ही अक्षरं बघूनच डाउनलोड करा. एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. ती मुदत उलटली की काही काळाने पॅकेजेस जुन्या संग्रहात हलवली जातात आणि अपडेट करताना ४०४ एरर (फाइल सापडली नाही) यायला लागतात. नवखा माणूस इंटरनेट बिघडलं समजून राउटर बंद-चालू करत बसतो.

जुन्या मशीनमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल तर कुठलंही हलकं डिस्ट्रो तिला वेग देऊ शकत नाही. आधी २४० जीबीची साटा एसएसडी बसवा. फरक तिथे पडतो.

पेन ड्राइव्हवरून चालवून न बघता थेट इन्स्टॉल करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, आयएसओ फाइलचा (डिस्ट्रोची डाउनलोड केलेली फाइल) चेकसम (ती फाइल बरोबर उतरली का ते दाखवणारा कोड) जुळवून बघा आणि रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमने ती फाइल ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी केलेली आयएसओ बूट होत नाही. ड्राइव्हवर असलेला सगळा डेटा यात पुसला जातो, तेवढं लक्षात ठेवा.

मग लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून, तासभर बसा. वायफाय लागतं का? आवाज, माइक, कॅमेरा ब्राउझरमध्ये चालतात का? झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडा. लॅपटॉप झोपेतून उठला नाही तर ते आत्ताच कळलेलं बरं. टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल करून बघा. वेगावरून मात्र मत बनवू नका, पेन ड्राइव्हवरून सगळं संथच चालतं.

वायफाय दिसत नसेल तर कार्ड बहुधा ब्रॉडकॉमचं किंवा रिअलटेकचं असतं. फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि इन्स्टॉल झाल्यावर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. एनव्हिडिया कार्डामुळे स्क्रीन काळीच राहिली, तर बूट मेनूतला 'कॉम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. सिक्युअर बूट (बूट होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असताना एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला तर पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या कीला मान्यता देणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ते टाळून पुढे गेलात तर ड्रायव्हर लोडच होत नाही.

सेकंडहँड लॅपटॉप घेत असाल तर पेन ड्राइव्ह दुकानातच घेऊन जा. कंपनीने बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगला) लावलेला पासवर्ड कधी कधी तसाच राहिलेला असतो, आणि बूटचा क्रम बदलता आला नाही तर पुढचं सगळं अडतं.

'डी ड्राइव्ह तर राहीलच' असं धरून चालणं

'इरेज डिस्क' या पर्यायाने सी, डी, ई सगळं जातं, कारण ती नावं विंडोजची. डिस्क एकच असते. बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या.

विंडोजही ठेवायचं असेल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालू असतं आणि बूटमध्ये बदल झाला की ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून आधीच उतरवून ठेवा. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समध्ये त्या ड्राइव्हवर फाइल वाचता येते पण सेव्ह होत नाही. लिनक्ससाठी विंडोजने व्यापलेली जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा. लिनक्सला निदान ६० जीबी द्या. इन्स्टॉल चालू असताना चार्जर लावलेला असू द्या, पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

दोन्ही सिस्टिम नांदायला लागल्या की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. टाइमडेटसीटीएल (timedatectl) कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगता येतं.

सॉफ्टवेअर आणि प्रिंटरचा विचार शेवटी करणं

सोसायटीचे हिशेब टॅलीत आणि नोटिसा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तर विंडोज पूर्ण काढू नका. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, आणि श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाइल त्या फॉन्टशिवाय अगम्य दिसतात. युनिकोड मराठीची चिंता नाही: कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट (सरकारमान्य कीबोर्ड मांडणी) मिळतो, उच्चारानुसार टाइप करायचं तर आयबस या टायपिंगच्या साधनाबरोबर एम१७एन (ibus-m17n) घ्या.

एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिप (HPLIP) या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरवर चालतात. पण लेझरजेट १०२० मध्ये फर्मवेअर (प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर) कायम राहत नाही, म्हणून एचपीचं वेगळं प्लगइन टाकावं लागतं; नाहीतर प्रिंटर दिसतो आणि कागद मात्र बाहेर येत नाही. कॅनन एलबीपी २९०० चा ड्रायव्हर बसवणं त्याहून किचकट आहे, नवख्याने त्या भानगडीत न पडलेलं बरं. नवीन प्रिंटर घेताना खोक्यावर 'एअरप्रिंट' लिहिलेलं बघा. असे प्रिंटर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय, घरच्या वायफायवरून चालतात.