अमेरिकन डब्याशिवाय पंपकिन पाय

जर्मनीत थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचं जेवण आणि त्यातला पंपकिन पाय (भोपळ्याचं गोड सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) करायचा असेल, तर भोपळ्याच्या गराच्या अमेरिकन डब्यासाठी दुकानं पालथी घालू नका. तिथे शरद ऋतूत होक्काइदो जातीचा केशरी भोपळा सहज मिळतो. मधोमध चिरा, बिया काढा, ओव्हनमध्ये मऊ भाजून गर वाटा. त्याचा गर मुळात कोरडा. बटरनट जातीचा भोपळा घेतलात तर मात्र गर फडक्यात निथळवाच, नाहीतर पाय पचपचीत होतो. ४२५ ग्रॅमच्या डब्याऐवजी तेवढाच गर घ्या. मसाला घरीच करा: दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. टर्कीसोबतच्या क्रॅनबेरी सॉसऐवजी लिंगनबेरी या तशाच आंबट लाल फळाचा जॅम चालतो, मला तर तोच आवडतो. अख्खी टर्की मात्र खाटकाकडे आधीच सांगून ठेवा, आणि हो, सांगण्यापूर्वी आपला ओव्हन मोजा. तिथल्या घरांतले ओव्हन अमेरिकेतल्यापेक्षा बरेचदा लहान असतात.