पणजोबा बसऱ्याला गेले होते म्हणतात? मग त्यांचा माग असा काढा

आमची आजी सांगायची, पहिल्या महायुद्धात तिच्या सासऱ्यांची पलटण बसऱ्याकडं, म्हणजे इराकात, वेढ्यात उपाशी अडकलेली तेव्हा वरनं विमानातनं जातं टाकलं होतं. आम्ही पोरं हसायचो, जातं काय विमानातनं पडतंय होय. आजी गेल्यावर शोधायला बसलो आणि गोष्ट खरी निघाली. म्हणून सातारा-सांगलीकडच्या ज्यांच्या घरात असं कुणी "बसऱ्याला" गेलेलं असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी घरातली जुनी ट्रंक उघडा आणि बिल्ला, म्हणजे मेडल, शोधा. पहिल्या महायुद्धाचे दोन नेहमी सापडतात, एक चांदीचा, त्यावर एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसरीकडे घोडेस्वार, आणि दुसरा पिवळसर, त्यावर पंख असलेली बाई. लोक इथंच थांबतात, फोटो काढतात आणि परत ठेवतात. खरी माहिती कडेला असते. बिल्ला उभा धरा, खिडकीपाशी तिरप्या उजेडात हळूहळू फिरवा, भिंग असेल तर उत्तम. कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. राखेनं किंवा ब्रासोनं घासू नका, कृपा करून, आमच्या एका चुलत्यांनी दिवाळीला घासून घासून निम्मं नाव घालवलंय. घोडेस्वाराचा बिल्ला चांदीचा नसून ब्राँझचा असेल तर माणूस बहुतेक मजूर तुकडीत किंवा तसल्या कामावर होता, तीही नोकरी लढाईवरचीच.

आता पलटणीचा आकडा. मराठ्यांच्या पलटणी तेव्हा 103, 105, 110, 114, 116, 117 अशा होत्या आणि 1922 ला सगळ्यांची नावं बदलली, म्हणजे 103 ची 1/5 (पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन) झाली, 110 ची 3/5, 117 ची 5/5. त्यामुळे बिल्ल्यावर एक आकडा आणि पेन्शनच्या कागदावर दुसरा दिसला तर घाबरू नका, माणूस एकच असतो. आमच्या पणजोबांच्या कडेवर 117 निघाला आणि तिथनंच सगळं सुटत गेलं, कारण 103, 110 आणि 117 या तिन्ही पलटणी इराकातल्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत. धान्य होतं पण दळायला काही नव्हतं, म्हणून विमानातनं जाती टाकली. शेवटच्या पंधरा दिवसांत तर पीठच टाकायला लागले. वेढ्यातल्या फौजेला आकाशातनं अन्न पुरवायचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. दिवसाला 5000 पौंड टाकायचं ठरलेलं, तेवढं कधी जमलंच नाही, कितीतरी पोती टायग्रिस नदीत नाहीतर तुर्कांच्या खंदकात पडली. घोड्याचं मांस आपली माणसं धर्मामुळं खाईनात, शेवटी शेवटी खाल्लं. मग शरणागती, तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत, आणि त्यातली किती वाटेतच गेली.

माणूस परत आला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतं. पण तिथं फक्त मेलेल्यांची नोंद आहे हे ध्यानात ठेवा, परत आलेला सापडणार नाही. नाव लिहिताना कारकुनांनी पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे केलेलं असतं, त्यामुळे सगळी स्पेलिंगं टाकून बघा आणि नाव नाही मिळालं तर गावावरनं शोधा. सांगलीवाल्यांनी तर एक पक्कं लक्षात ठेवावं, सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. 1949 ला दक्षिण सातारा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. वाळवा, तासगाव, खानापूर तालुक्यातला माणूस कागदावर साताऱ्याचाच असणार. मिरज, जत, सांगली ही संस्थानं होती, तिथला असेल तर संस्थानाचं नाव टाकून बघा. मी सहा महिने "सांगली" टाकून बसलो होतो.

परत आलेल्यांसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला नंबरसकट पत्र घाला. साध्या शिपायांची सर्व्हिस बुकं फारशी उरलेली नाहीत, तरी घालाच. कैदेत होते असं वाटलं तर रेड क्रॉसचं कैद्यांचं रेकॉर्डही ऑनलाइन आहे. आणि पलटणीची रोजची डायरी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असते, तिथं तारखेवार कळतं की त्या दिवशी पलटण कुठं होती.

गावात चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी शिळा आहे का तेही बघून या. बऱ्याच शिळांवर नावं नसतात, गावातनं किती गेले आणि किती मेले एवढाच आकडा.

आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर हे सगळं करायच्या आधी त्यांच्यापाशी बसा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. खरं-खोटं करायला नंतर वेळ आहे. आमच्या आजीचा आवाज कुणाकडेच नाही.