व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरताय? आधी या चुका टाळा

ॲमॅच्युअर, म्हणजे हौशी, लढतीत तीन मिनिटांचे तीन राऊंड असतात. व्यावसायिक पदार्पणाला बहुतेक चार राऊंड मिळतात, पुढे सहा, आठ, दहा आणि जागतिक किताबासाठी बारा. पहिल्या पायरीवर फरक एकाच राऊंडचा दिसतो, म्हणून राज्य पातळीवर पदक घेतलेल्या मुलांना वाटतं की आपण तयारच आहोत. खरा फरक राऊंडच्या बाहेर आहे: वजन कधी घेतात, प्रतिस्पर्धी कोण ठरवतो, दोन लढतींच्या मधे तुम्ही काय करता, आणि कागदावर सही कशावर केलीत. म्हापशापासून मडगावपर्यंत मुलं त्याच त्याच चुका करतात, आणि त्यातल्या बऱ्याच रिंगमध्ये पाय ठेवण्याआधीच झालेल्या असतात.

पाण्यातून वजन तोडणं

ही सगळ्यात महाग चूक आहे, म्हणून हिच्यावर जास्त लिहितो.

ॲमॅच्युअर स्पर्धेत वजन लढतीच्या दिवशी सकाळी घेतात. त्यामुळे फार तोडता येत नाही. सकाळी तोडलं तर दुपारी पाय चालत नाहीत. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होतं. मधे एक दिवस मिळतो हे कळलं की मुलांचं गणित बिघडतं. "सहा-सात किलो तोडू, रात्रीत भरून काढू" हे वाक्य बोलणाऱ्याला मी रिंगमध्ये उतरूच देऊ नये असं म्हणेन.

नेमकं काय होतं ते बघा. मुलगा एरवी 68 किलोचा, लढत घेतली लाइटवेटमध्ये, म्हणजे 61.2 किलोला. दोन महिने हातात असताना चवथीचे मोदक-नेवऱ्या झाल्या, जत्रा झाली, वजन तिथेच. शेवटच्या आठवड्यात काटा 66.5 दाखवतो. मग भात आणि मीठ बंद. स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे भात बंद होताच दोन दिवसांत दीड-दोन किलो आपसूक उतरतात. याने हुरूप येतो. ही चरबी नव्हे, चौथ्या राऊंडला लागणारं इंधन गेलं, हे त्याला कुणी सांगत नाही.

मग पाणी बंद, अंगात प्लॅस्टिकचा सूट आणि ताळगावच्या पठारावर भर दुपारी धावणं. परदेशातले व्हिडिओ बघून केलेला हा प्रकार आपल्याकडे आणखी घातक ठरतो. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता गळल्यामुळे नाही. गोव्याच्या दमट हवेत तो आधीच धड वाळत नाही, त्यात वरून प्लॅस्टिक. घाम निथळत राहतो आणि आतलं तापमान चढत जातं. तोंडात थुंकी उरत नाही, लघवी चहासारखी होते, अंगावर काटा येतो, आणि काटा मात्र 62 च्या आसपास अडलेला असतो. इथे कुणीतरी "पाणी काढायची गोळी" पुढे करतो. फ्युरोसेमाइडसारखी ही औषधं वाडा या जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. शिवाय त्यांनी पोटॅशियम उतरतं, पायात गोळे येतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

वजन कसंबसं भरतं, फोटो निघतात आणि मुलगा दोन लिटर साधं पाणी घटाघट पिऊन बिर्याणीवर बसतो. पोट फुगतं, पाण्याबरोबर मीठ न गेल्यामुळे प्यायलेलं बरंचसं लघवीतून निघून जातं. दुसऱ्या दिवशी दुसरा राऊंड संपताना पाय जड होतात. लोक म्हणतात, स्टॅमिना नाही. स्टॅमिना होता, तो काट्यावर सांडला. अशा सुकलेल्या अवस्थेत डोक्यावर ठोसे खाण्याइतकं धोक्याचं या खेळात दुसरं काही नाही.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटला 50 किलोच्या अंतिम फेरीआधी अवघ्या 100 ग्रॅमनी बाहेर व्हावं लागलं. ती कुस्ती होती, पण काटा सगळ्या खेळांत सारखाच बोलतो.

माझी पद्धत साधी आहे. रोज सकाळी लघवीनंतर, उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन आणि ते वहीत. लढतीला आठ आठवडे असताना तुम्ही गटाच्या मर्यादेपेक्षा सहा-सात टक्क्यांहून वर असता कामा नये, 61.2 साठी हा आकडा 65 च्या आसपास येतो. तिथून आठवड्याला अर्धा किलो, जेवणातून. शेवटच्या चार-पाच दिवसांत मीठ-भात कमी करून दोन टक्के, फार तर तीन. हे जमत नसेल तर वरच्या गटात लढा. लाइटवेट आणि सुपर लाइटवेट यांत 2.3 किलोंचं अंतर आहे, त्यात कसली नामुष्की?

वजन झाल्यावर जितके किलो पाणी गेलं त्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर परत भरायचं, पण घोट घोट करून, चार-सहा तासांत. आधी ओआरएस. मग उकड्या तांदळाची पातळ पेज, मीठ घालून. आपल्या घरात हे पिढ्यान् पिढ्या आजाऱ्याला देतात, आणि वजन तोडलेल्या बॉक्सरसाठी यापेक्षा चांगलं मला माहीत नाही: पाणी, मीठ आणि पचायला हलका भात एकाच वाटीत. संध्याकाळी मऊ भात, थोडं साधं मासे किंवा चिकन. तळलेला इसवण आणि तिखट हुमण लढतीनंतर.

मिळेल ती लढत घेणं

दहा दिवसांवर लढत आहे, प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली, येतोस का, असा फोन येतो. मुलं हो म्हणतात. पैसे बरे असतात आणि नाव पोस्टरवर येणार असतं. अशा फोनमागे नेहमी एक गोष्ट गृहीत धरा: त्यांना जिंकवायचा मुलगा दुसरा आहे.

गोव्यातल्या वाचकांना जवळचं उदाहरण देतो. 19 मार्च 2021 ला पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर विजेंदर सिंग रशियाच्या आर्तिश लोपसानशी लढला. विजेंदर 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता. ऑक्टोबर 2015 मध्ये मँचेस्टरला पदार्पण केल्यापासून 12 पैकी 12 लढती जिंकलेला. समोरचा फक्त सहा व्यावसायिक लढतींचा, त्यातल्या चारच जिंकलेल्या. नुसते आकडे बघणाऱ्याने निकाल आधीच लिहून ठेवला असता. पाचव्या राऊंडमध्ये पंचाने लढत थांबवली आणि विजेंदरची अपराजित मालिका संपली.

आकड्यांत न दिसणाऱ्या दोन गोष्टी तिथे होत्या. विजेंदरची आधीची लढत नोव्हेंबर 2019 ची, दुबईतली. मधे कोरोनामुळे सोळा महिने गेले होते आणि वय 35 झालं होतं. दुसरी, लोपसान उंच आणि लांब हाताचा होता. रिंगचा गंज, म्हणजे फार दिवस न लढल्याने चढलेला, पॅडवर किंवा बॅगवर दिसत नाही. तो दिसतो अंतराच्या अंदाजात: जिथे उभं राहून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) चुकवायचा तिथे तुम्ही चार बोटं पुढे उभे असता. समोरच्याचा हात लांब असला की तीच चार बोटं नडतात. इतक्या मोठ्या बॉक्सरच्या बाबतीत हे घडू शकतं, तर तीन लढती झालेल्या मुलाने किती जपायला हवं!

म्हणून होकार देण्याआधी बॉक्सरेक या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर समोरच्याची नोंद उघडा. जिंकल्या-हरल्याचा आकडा शेवटी बघा. आधी बघा: शेवटची लढत कधी, किती राऊंड टिकतो, कुठल्या वजनात लढत आलाय, उंची किती, डावखुरा आहे का. त्याच्या दोन पूर्ण लढती बघा, आणि त्यातली एक तरी गुणांवर संपलेली हवी. नॉकआउटचे तुकडे बघून काहीही कळत नाही. मग तशाच उंचीचा आणि तशाच ठेवणीचा स्पारिंग (सरावाची लढत) पार्टनर किमान तीन आठवडे मिळणार असेल तरच हो म्हणा. सहा आठवड्यांपेक्षा कमी नोटीस असेल तर मी नाही म्हणायला सांगतो, पैसे कितीही असोत. पहिल्या वर्षी दीड-दोन महिन्यांच्या अंतराने चार-पाच लढती पुरेत.

याच्या उलट टोकाची चूकही बघायला मिळते: वीस-वीस लढती हरलेल्यांना हरवून आपली नोंद 8-0 (आठ विजय, एकही हार नाही) करणं. त्या आठ लढतींत शिकायला काहीच मिळत नाही, आणि नववी लढत ते सगळं वसूल करते.

बँडेज घाईत बांधणं

हाताची हाडं ही तुमची अवजारं आहेत. करंगळी आणि अनामिकेच्या मुळाशी असलेलं हाड बाहेरच्या नकलने (मुठीवरच्या सांध्याच्या उंचवट्याने) ठोसा बसला की मोडतं, म्हणून ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकलवर बसायला हवा. सरावाला साडेचार मीटरचं बँडेज घ्या, तीन मीटरचं नको. आधी मनगटाला तीन वेढे, मग नकलवर तीन-चार, मग बोटांच्या मधून, अंगठा, आणि उरलेलं परत मनगटाला. बांधताना बोटं फाकलेली ठेवा. मूठ उघडी असताना सैल आणि आवळल्यावर घट्ट वाटलं तर बरोबर. बोटांची टोकं निळी झाली तर सोडून पुन्हा बांधा.

लढतीला गॉझ आणि चिकटपट्टी असते. ती अधिकाऱ्यासमोर बांधतात, तो त्यावर सही करतो, आणि पट्टी नकलवर येऊ द्यायची नसते. जानेवारी 2009 मध्ये लॉस एंजेलिसला अँटोनियो मार्गारिटोच्या बँडेजमध्ये कडक झालेले पॅड सापडले आणि त्याचा परवाना वर्षभरासाठी गेला. कॉर्नर (कोपऱ्यातला तुमचा माणूस) काय बांधतोय ते बॉक्सरने स्वतः बघायचं असतं. 66.7 किलोपर्यंत साधारण आठ औंसांचे ग्लोव्ह्ज, त्यावर दहाचे; स्पारिंगला मात्र सोळा औंसच.

बाकीच्या, थोडक्यात

रोज जोरात स्पारिंग करू नका. लढतीच्या तयारीत आठवड्याला दोनदा, फार तर तीनदा. शेवटच्या आठ-दहा दिवसांत अजिबात नाही.

मिरामारच्या मऊ वाळूवर रोज धावलं की नडग्या आणि घोटे दुखणारच. ओलसर कडक वाळू किंवा मैदान बरं. आल्तिनोच्या चढावर आठवड्यातून एकदा छोट्या धावा.

पावसाळ्यात ग्लोव्ह्ज स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. दोन दिवसांत बुरशी येते आणि आतला फोम बसतो. वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली उघडे ठेवा.

सप्लिमेंट जिममधल्या मित्राकडून घेऊ नका. डब्यात काय होतं हे नंतर सांगून उपयोग नाही, नमुन्यात सापडलं की जबाबदारी तुमची.

करार रात्रीत वाचून सकाळी सही करू नका. किती वर्षं, किती लढती, जिंकल्यास आपोआप मुदतवाढ आहे का, दुखापतीत कराराचं घड्याळ थांबतं का, मॅनेजर आणि प्रशिक्षकाचा वाटा आधी कापणार की खर्च वजा जाता, वैद्यकीय चाचण्यांचे पैसे कोण देणार, हे सगळं वकिलाकडून मराठीत समजावून घ्या. सही केलेली प्रत त्याच दिवशी घरी न्या.

डोळ्याची बाहुली मोठी करून केलेली तपासणी, मेंदूचं स्कॅन, ईसीजी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सीच्या चाचण्या वेळेत करा. काळे ठिपके तरंगताना दिसले किंवा नजरेवर पडदा आल्यासारखं झालं तर ते लपवणं म्हणजे डोळा गमावणं. डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटलेला असू शकतो.

आणि नॉकआउटनंतर लवकर परतणं. थांबवलेल्या लढतीनंतर साधारण महिनाभर आणि नॉकआउटनंतर दोन-तीन महिने लढू देत नाहीत. मुलं या काळात लढत नाहीत, पण जिममध्ये गुपचूप स्पारिंग करतात, आणि प्रशिक्षकही "हलकंच खेळ" म्हणतात. हलकं स्पारिंग पहिल्या चुकीच्या हुकपर्यंतच (बाजूने येणाऱ्या ठोशापर्यंतच) हलकं असतं. मनाईचा काळ डोक्याला ठोसा लागू नये म्हणून आहे, तो कुणी आणि कुठे मारला याच्याशी मेंदूला देणंघेणं नाही. दोरी, चालणं, शॅडो बॉक्सिंग डॉक्टरांनी सांगितल्यावर चालू करा. लढतीच्या किंवा स्पारिंगच्या रात्री डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, बोलणं जड झालं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली किंवा मुलगा वेळीअवेळी पेंगायला लागला, तर झोपू द्या, सकाळी बघू, असं म्हणू नका. तशाच अवस्थेत गाडीत घाला आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या.