साथीच्या काळात आपली बेने इस्राएल पोरं कशी सांभाळावीत

साथ आली की आधी म्हाताऱ्यांची काळजी घेतली जाते, मग लहानग्यांची. अठरा ते तीसमधली पोरं धडधाकट, ती बघतील आपलं आपण, असं धरून चालतात सगळे. २०२० साली ठाण्यात मी हेच बघत होते. ज्येष्ठांच्या घरी किराणा पोचवायला स्कूटरवरून हीच पोरं फिरत होती, आणि तुझी नोकरी टिकली का, परीक्षेचं काय, रात्री झोप लागते का, असं त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

भारतात आपण बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, जेमतेम चार-पाच हजार उरलोय. त्यातली शिकणारी पोरं मुंबई-ठाण्याबाहेर, पुण्याला, बंगळुरूला, कुणी थेट इस्राएलमधल्या बीरशेबाला. मी शाळेत शिकवलं आणि शनिवारी मुलांकडून हिब्रू अक्षरं गिरवून घेतली, एवढाच माझा अधिकार. पण त्या काळात जे उपयोगी पडलं ते लिहून ठेवलेलं बरं. साथी काही संपलेल्या नाहीत.

आधी वही, मग ग्रुप

पहिलं काम म्हणजे कागदावर यादी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे यादी नव्हे. ग्रुपमध्ये जो बोलतो तोच दिसतो, आणि ज्याची खरी काळजी करायला हवी तो नुसता 'सीन' करून गप्प असतो. वहीत प्रत्येकापुढे लिहा: राहतो कुठे, खोलीत एकटा की कुणासोबत, जेवण कुठून येतं, मेस बंद झाली तर चूल आहे का, घरमालक की वॉर्डन आणि त्यांचा नंबर, आईबाप किती वयाचे, घरात कमावणारं कोण. २५ मार्च २०२०ला देश बंद झाला तेव्हा पीजीवाल्यांनी पोरांना 'घरी जा' सांगितलं आणि घरी जायला गाडी नव्हती. अशा वेळी त्या गावात आपलं कोण आहे हे वहीत पटकन सापडलं पाहिजे. आपलं नसेल तर ओळखीचं कुणीही. बंगळुरूला माझ्या भाच्याला महिनाभर डबा दिला तो त्याच्या मित्राच्या आईने, लिंगायत बाई. अंडं नाही, मांस नाही, म्हणजे कोशरची, आपल्या खाण्याच्या धर्मनियमांची, भानगडच उरली नाही.

मग चार-चार पोरांमागे एक माणूस नेमा. अध्यक्ष, सेक्रेटरी नको. त्यांच्याहून पाच-सात वर्षांनी मोठी ताई किंवा दादा, ज्याने नुकतीच नोकरी धरलीय. त्याने आठवड्यातून दोनदा फोन करायचा, मेसेज नाही.

फोनवर काय बोलायचं हेही शिकवावं लागतं. 'कसा आहेस?' विचारलं की 'मस्त' येतं आणि संपलं. 'जेवलास का?' ला 'हो'. म्हणून विचारा, 'आज काय जेवलास?' एका मुलीने मला उत्तर दिलं, 'आंटी, चहा-खारी.' दुसऱ्या वेळी पण चहा-खारी. तिसऱ्या वेळी कळलं की पगार अर्धा झालाय आणि पोरीने घरी सांगितलेलं नाही. तोंडाने 'अडचण आहे' असं ती कधीच म्हणाली नसती.

पैसे गुपचूप

आपल्याकडे ट्रस्टी म्हणजे कुणाचे तरी मामा असतात. अर्ज लिहून मामांसमोर ठेवायचा, मग तो मीटिंगमध्ये वाचला जाणार आणि संध्याकाळपर्यंत पनवेलच्या आत्यांना कळणार. पोरं अर्ज करत नाहीत ते यासाठी. आपले मध्ययुगातले धर्मपंडित रांबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ही वरून दुसरी. त्याच्याही वर एकच: माणसाला काम, भागीदारी किंवा कर्ज देऊन पायावर उभं करणं. दोन्ही करता येतं. दोनच माणसांकडे निधी द्या, मीटिंगला फक्त आकडा सांगायचा, नावं नाहीत. फी थेट कॉलेजच्या खात्यात आणि भाडं थेट घरमालकाला. आणि ज्याची नोकरी गेलीय त्याला सिनेगॉगचे, म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिराचे, हिशेब कॉम्प्युटरवर चढवायचं, जुन्या केतुबांचे (लग्नाच्या करारपत्रांचे) फोटो काढून जपून ठेवायचं काम द्या, रीतसर मोबदल्याने.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिलाय. त्यामुळे शिष्यवृत्ती, कॉलेजातले कोटे बघण्यासारखे आहेत. त्याचे कागद साथ येण्याआधी करून ठेवा. टाळेबंदीत दाखला काढायला कचेरी उघडी नसते.

शुक्रवार

इथे जरा थांबते, कारण एकट्या पोराला सगळ्यात जड जातो तो शुक्रवारच.

शबाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस, लागल्यावर फोन-लॅपटॉप वापरायचा की नाही यावर आपल्याच घरांत दोन तऱ्हा आहेत, आणि साथीच्या काळात त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. २०२०च्या पेसाख सणाआधी इस्राएलमध्ये सेफार्दी परंपरेच्या चौदा रब्बींनी (धर्मगुरूंनी) आजाऱ्यांसाठी आणि एकट्या म्हाताऱ्यांसाठी झूमवर सेदेर, म्हणजे पेसाखच्या रात्रीचं विधीचं जेवण, चालेल असं पत्र काढलं, आणि मुख्य रब्बींनी ते नाकारलं. मोठ्यांचं जिथे जमलं नाही तिथे आपण झूमच्या लिंकवरून कशाला भांडायचं? आमचा तोडगा सोपा होता. जे काही ऑनलाइन करायचं ते सूर्यास्ताआधी. उन्हाळ्यात इस्राएल आपल्या अडीच तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतीन. इथे जूनमध्ये मेणबत्त्या सातच्या सुमारास लागतात, म्हणून साडेपाचला भेटायचं. तिकडे तेव्हा दुपारचे तीन, लोदची मावशी भाजी चिरता चिरता बोलते. हवदाला, म्हणजे शबाथ संपल्यावरची प्रार्थना, मात्र एकत्र करायची तर तिकडे रात्र व्हायची वाट बघावी लागते, म्हणजे आपले अकरा. पोरं अकराला जागीच असतात, आणि शनिवारी रात्री अकराला ती जास्त मोकळं बोलतात असा माझा अनुभव.

पोराच्या खोलीत किडुशला, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायच्या शबाथच्या प्रार्थनेला, काय? वाइन शोधायची गरज नाही, आपल्या आज्यांनी कधी शोधली? मूठभर काळ्या मनुका गुरुवारी रात्री पेलाभर पाण्यात टाकायच्या. शुक्रवारी दुपारी त्या टपटपीत फुगतात. हाताने त्याच पाण्यात कुस्करायच्या, चोथा अगदी पांढुरका होईपर्यंत पिळायचं, आणि गाळणं नसेल तर स्वच्छ रुमालातून गाळायचं. रंग तांबूस-तपकिरी येतो. साखर घालू नका. हे त्याला फोनवर आजीने सांगायचं, तुम्ही नाही. आजीला विचारणारं कुणी मिळतं आणि पोराला हात घालायला काम मिळतं. हॉस्टेलमध्ये मेणबत्ती पेटवू देत नसतील तर वॉर्डनशी हुज्जत नको. घरी आई लावते त्यात तोही धरलेला असतो, हे त्याला सांगा म्हणजे झालं.

८ एप्रिल २०२०च्या रात्री कितीतरी पोरं सेदेरला आयुष्यात पहिल्यांदा एकटी बसली. सेदेरचे ठरलेले चार प्रश्न घरातलं धाकटं विचारतं. समोर कुणीच नसेल तर? ताल्मुदात, आपल्या जुन्या धर्मग्रंथात, ते आधीच लिहून ठेवलंय: एकटा असेल तर त्याने स्वतःच स्वतःला विचारायचं. मी माझ्या वर्गातल्या जुन्या पोरांना त्या दुपारी एवढंच सांगितलं की प्रश्न मनात नको, मोठ्याने विचार. एकजण नंतर म्हणाला, शेजारच्या खोलीतला मुलगा दार वाजवून विचारायला आला, कुणाशी बोलतोयस? दोघे मग दारातच, लांब लांब बसून खजुराचा शिरा (पाक, रव्याचा नव्हे) खात बोलत राहिले.

दहातला एक करा

मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा जण लागतात. नववा आणि दहावा यांच्यातला फरक आपल्यासारख्या लहान समाजाइतका कुणाला कळत नाही. पोरांना वागवायचं ते असं, की तू नाही आलास तर काम अडेल. 'काही लागलं तर सांग' हे वाक्य मी बंदच केलं. त्याऐवजी: 'रोहेकर आजोबांना औषधाचं अ‍ॅप शिकव, रोज दहा मिनिटं', 'या आठवड्याची पाराशा (तोराचा उतारा) तू दोन मिनिटांत मराठीत सांग', 'सेलिहोथचं (क्षमेच्या प्रार्थनांचं) रेकॉर्डिंग तू कर'. कामं खरी हवीत. उगाच गुंतवून ठेवायला दिलेलं काम पोरं लगेच ओळखतात.

परीक्षेचं पत्र हेही असंच एक काम, पण ते मोठ्यांचं. साथीत वेळापत्रकं कशीही हलतात. २०२०मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरवर ढकलल्या गेल्या आणि नेमके रोश हाशाना (नववर्ष), योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा उपास), सुक्कोथ (मांडवांचा सण) तेव्हाच. वर्षाच्या सुरुवातीलाच सणांच्या तारखांचं, सिनेगॉगच्या लेटरहेडवरचं पत्र कॉलेजला द्या. आयत्या वेळी पोरगं एकटं बोललं तर 'हा कुठला सण' इथूनच सुरुवात होते.

आजार आणि उपास

पिकुआख नेफेश, जीव वाचवणं, शबाथच्याही वर. हे पोरांना पाठ असतं आणि तरी योम किप्पुरला ताप अंगावर काढून उपास धरणारी मी बघितलीत. १८४८च्या कॉलऱ्यात व्हिल्नाला रब्बी इस्राएल सालान्तर यांनी योम किप्पुरला लोकांना खायला लावलं, ही आठवण सांगा. त्याआधी १८३१मध्ये पोझेनला रब्बी अकिवा आइगर यांनी प्रार्थनेला एका वेळी पंधराच माणसं असा नियम घातला होता. म्हणजे गर्दी टाळणं हे काही धर्माला आलेलं संकट नाही. 'गावात साथ असेल तर पाय घरात घे' हे ताल्मुदाचंच सांगणं. आपल्या जुन्या मंडळींचा योम किप्पुर तरी काय होता, दारं लावून घरात बसायचा सण! भारतात आपल्याकडे कायमचे रब्बी नाहीत, तेव्हा गोळ्या चालू असलेल्या पोराने कुणाला विचारायचं, डॉक्टर कोण, हाज्जान (प्रार्थना चालवणारा) कोण, हे सणाच्या आठवडाभर आधी ठरवून द्या.

मनाच्या आजाराबद्दल एवढंच: झोप उडणं, आंघोळ टाळणं, कॅमेरा कायम बंद, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असली भाषा, हे दिसलं तर प्रार्थना आणि सल्ले बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. जीव द्यायचं मनात येतंय का, हे सरळ विचारा. विचारल्याने तसं सुचत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही. समाजात कळेल म्हणून थांबणारे आईबाप असतात. त्यांना सांगा, डॉक्टर समाजाबाहेरचा शोधू.

कुणी गेलं तर

३० मार्च २०२०ला मुंबईत कोविडने गेलेल्यांना धर्म न बघता जाळायचा आदेश निघाला आणि त्याच दिवशी बदलला. त्या काही तासांत आपल्या घरांमध्ये काय झालं असेल ते सांगायला नको. पण दफन झालं तरी ताहारा, म्हणजे गेलेल्याला घालायचं विधीचं स्नान, नाही, खांदा द्यायला माणसं नाहीत, आणि मुलगा दुसऱ्या शहरात अडकलेला. त्याला सगळ्यात जास्त टोचतो तो कद्दिश, गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना, कारण दहा जणांशिवाय तो म्हणायचा कसा? अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या रब्बींनी मार्च २०२०मध्ये काही अटींवर ऑनलाइनची मुभा दिली. आपल्याकडची बहुतेक सिनेगॉगं ती मानणार नाहीत. मग करायचं असं: इस्राएलमध्ये बाल्कन्यांतून आणि अंगणांतून मिन्यान चालू होते. तिथल्या एखाद्या नातलगाला गेलेल्याचं हिब्रू नाव, बापाच्या नावासकट, कळवा आणि कद्दिश म्हणायला सांगा. त्या नातलगाचा नंबर मुलाला द्या, आणि रोज म्हणून झालं की त्याने मुलाला फोन करायचा. मुलाने इकडे तेहिल्लिम (स्तोत्रं) वाचावं, बापाच्या नावाने सदका (दान) द्यावा. शिवाचे (सुतकाचे) सात दिवस जेवण पोचलं पाहिजे, स्विगीवरून का होईना. आणि मुख्य म्हणजे तीस दिवसांनंतर फोन बंद करू नका, खरा एकटेपणा तेव्हा चालू होतो.

अफवा

१३४९च्या १४ फेब्रुवारीला स्ट्रासबर्गमध्ये प्लेगच्या दिवसांत ज्यूंना जाळलं, विहिरींत विष टाकलं म्हणून. कोविडमध्येही इंटरनेटवर तसलंच फिरलं. आपल्याला इथल्या शेजाऱ्यांनी त्रास दिला नाही, पण पोरं जगभरच्या भिंतींवर वाचत असतात. झूमची लिंक उघड्यावर टाकू नका, वेटिंग रूम ठेवा, स्क्रीन शेअर फक्त यजमानाकडे. कमेंटींमध्ये भांडत बसणाऱ्या पोराला मी हाफकिनची गोष्ट सांगते. ओदेसाचा हा ज्यू मुंबईत आला, प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली सुई स्वतःला टोचली. पुढे पंजाबात एका बाटलीतल्या धनुर्वाताने एकोणीस माणसं गेली आणि खापर त्याच्यावर फुटलं; निर्दोष ठरायला वर्षं लागली. परळची संस्था आज त्याच्या नावाने आहे.

परत आणताना

निर्बंध उठले की पोरं आपोआप येतील असं समजू नका. काही अवघडतात, काहींची सवय मोडते, ज्यांचं आलियाचं, म्हणजे इस्राएलला कायमचं जायचं, विमान हुकलं ती रागावलेली असतात. मोशेच्या बहिणीला, मिर्यामला, सात दिवस छावणीबाहेर ठेवलं तेव्हा ती परत येईपर्यंत लोकांनी कूच केलं नाही. पहिल्या उघड्या शबाथची तारीख ठरवताना वही काढा आणि आधी फोन करून विचारा, तुला कधी जमेल. दोघा-तिघांसाठी तारीख आठवडाभर पुढे गेली तरी चालेल. स्टेशनवर घ्यायला कुणीतरी जा.