रिस्क फॅक्टरच्या सर्व्हेला निघताय? आधी मिसरीचं विचारा

पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधात्मक वैद्यकात, एमडीला आलेली, एमपीएच ही सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी करणारी किंवा नर्सिंगनंतर एखाद्या प्रोजेक्टवर फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून लागलेली मुलं मला हमखास विचारतात, मॅडम, वाचायचं काय? वाचायला ढीगभर आहे. पण पुस्तकातला आकडा कुठल्या माणसांवरून आला हे माहीत नसेल, तर तो सोलापूरच्या माणसाला लावू नका. या कामातलं अर्धं शिक्षण यातच आहे.

1948 साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात 5,209 जणांच्या तब्येतीची नोंद सुरू झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट ही हृदयरोगाच्या रिस्क फॅक्टरची, म्हणजे जोखीम वाढवणाऱ्या घटकांची, यादी बरीचशी तिथून पक्की झाली. माणसं जवळजवळ सगळी गोरी. म्हणून यादी खोटी ठरत नाही. 2004 मध्ये इंटरहार्ट अभ्यासाने 52 देशांत पाहिलं, तर पहिल्या हार्ट अटॅकमागची बहुतेक जोखीम सगळीकडे त्याच नऊ घटकांत सापडली. फक्त दक्षिण आशियातल्या माणसाला तो पहिला अटॅक साधारण 53व्या वर्षी येत होता, बाकीच्यांना 58-59व्या. घटक तेच, पण आपल्याकडे ते कमी वयातच गोळा होतात.

वजनाचंही तसंच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 पासूनच वजन जास्त धरतात आणि कमरेची मर्यादा पुरुषांना 90, बायकांना 80 सेंटिमीटर. टॅबवरच्या फॉर्ममध्ये बीएमआयची मर्यादा 25 भरलेली असेल तर पहिल्याच दिवशी सुपरवायझरला सांगा. आणि कंबर मोजायला बाईच पाठवा. नऊवारीच्या निऱ्यांवरून टेप फिरवून आलेला आकडा निऱ्यांचा असतो, कमरेचा नाही.

आता मिसरी, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड. सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या एखाद्या बाईला विचारून बघा.

"अक्का, तंबाखू खाता का?"

"छे ओ, आपण नाही."

"आणि मिसरी?"

"ती लावतेच की सकाळी. त्याशिवाय पोट साफ होत नाही."

फॉर्ममध्ये 'तंबाखू: नाही' अशी खूण पडली की ही बाई आकडेवारीतून गेली. 2016-17च्या गॅट्स या प्रौढांच्या तंबाखू वापराच्या पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू वापरत होते, ओढणारे फक्त 3.8 टक्के. युरोपात सिगारेटींची संख्या विचारून भागतं, इथे डबी बघायला मागावी लागते. शिवाय तिच्या मांडीवरच्या सुपात दिवसभर तंबाखूच असतो, त्याची धूळ त्याच खोलीत उडते आणि बाळही तिथेच झोपलेलं असतं. छापील फॉर्ममध्ये याला रकानाच नसतो. तो शेरा म्हणून लिहा, पण लिहा.

मिठाचा प्रश्नही असाच फसतो. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ ब्रेड, चीज, डबाबंद खाण्यातून पोटात जातं, म्हणून तिकडची प्रश्नावली पाकिटांबद्दल विचारते. आपल्याकडे शेंगाचटणी, लोणचं आणि आमटी. पाकीट शून्य, मीठ भरपूर. महिन्याला घरात मिठाच्या किती पिशव्या येतात आणि खाणारी तोंडं किती, हे विचारलं की निदान अंदाज तरी येतो.

यापेक्षा अवघड गोष्ट ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी 1985 मध्ये मांडली, आणि ती समजायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. लंडनच्या सरकारी नोकरांत एकाचा रक्तदाब दुसऱ्यापेक्षा जास्त का, हा एक प्रश्न. केनियातल्या भटक्या पशुपालकांपेक्षा सगळ्याच लंडनकरांचा रक्तदाब वर का, हा वेगळाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर लंडनमध्ये बसून सापडत नाही. जे सगळ्यांच्याच वाट्याला आलंय ते आतून कारण म्हणून दिसत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये सगळेच कापसाची धूळ ओढतात. शेडमधल्याच दमेकऱ्याची आणि धडधाकट माणसाची तुलना केलीत तर धूळ निर्दोष सुटेल. त्यात ज्याला फार त्रास झाला तो केव्हाच काम सोडून घरी बसलेला असतो. तुलनेला शेडबाहेरचा माणूस हवा, आणि सोडून गेलेलाही.

पिमा या मूळ अमेरिकी जमातीचं उदाहरण यासाठी पाठच करा. एकाच वंशाचे लोक, पण ॲरिझोनातल्यांमध्ये मधुमेह 38 टक्के आणि मेक्सिकोच्या डोंगरात शेतात राबणाऱ्यांमध्ये 6.9. कुणी 'आमच्या रक्तातच साखर आहे' म्हणालं की मला हेच आठवतं. रक्तात काही असेलही, पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही.

जगातलं वाचता वाचता बार्शी विसरू नका. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये तिथे सुरू झाली, आणि तिथल्याच हॉस्पिटलच्या साथीने शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, एक लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये हा निष्कर्ष जगभर वाचला गेला. आपल्या एसटीच्या अंतरावरचं काम आहे हे.

कोर्सचं थोडक्यात: डॉक्टर नसलात तरी बहुतेक ठिकाणी एमपीएच करता येतं, मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट), तिरुवनंतपुरमला श्रीचित्रा इन्स्टिट्यूट, चेन्नईला आयसीएमआरची साथरोग संस्था एनआयई. संख्याशास्त्राची भीती असेल तर आर किंवा एपी इन्फो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एनएफएचएसचा, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा, डेटाही नोंदणी करून फुकट मिळतो. त्यावर हात बसवा. प्रोजेक्टची नोकरी प्रोजेक्ट संपला की संपते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

फील्डवर रक्तदाब घेताना पाच मिनिटं बसवा, तीनदा मोजा, शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी धरा. एप्रिल-मेच्या उन्हात तो थोडा खाली उतरतो, म्हणून उन्हाळ्यातल्या आणि डिसेंबरातल्या आकड्यांची सरळ तुलना नको. आणि जास्त निघाला तर चिठ्ठीवर आकडा लिहून, जवळचं नागरी आरोग्य केंद्र कुठे, ओपीडी कधी, हे सांगूनच उठा. नुसतं मोजून निघून गेलात तर पुढच्या टीमला त्या बोळात कुणी कडी काढत नाही.