अल्कोहोलमध्ये प्रोटीन मोडलं की नुसतं खाली बसलं, कसं ओळखायचं

नाशकात टीवायच्या मुलांचं बायोकेमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल घेताना मी आधीच बजावते: ट्यूब पांढरी झाली म्हणून जर्नलमध्ये लगेच ‘डिनेचर झालं’ (म्हणजे प्रोटीनच्या साखळीची घडी मोडली) लिहायचं नाही. तपासायचं, मग लिहायचं.

अंड्यातला पांढरा भाग चौपट सलाइनमध्ये (०.९ टक्के मीठ) अलगद ढवळा. फेस नको, फेसातही प्रोटीन उलगडतं. साधं पाणीही नको, त्यात काही प्रोटीनं आपोआप गढूळ होतात. इथल्या रविवार कारंज्याच्या बाजारात मिळतं तसलं पातळ मलमल घेऊन गाळा आणि दोन ट्यूबमध्ये ५-५ मिली घ्या.

पहिली ट्यूब आणि इथेनॉलची बाटली, दोन्ही बर्फात. एप्रिलच्या दुपारी फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलेली बाटली थंड राहत नाही, हे ध्यानात ठेवा. इथेनॉल पाण्यात मिसळताना उष्णता सुटते. भसकन ओतलं तर तेवढी जागा तीव्रही होते आणि गरमही. म्हणून काचेच्या कडेने थेंब थेंब सोडत ५ मिली घाला, ट्यूब हलवत राहा. दुसऱ्या ट्यूबमध्येही तेवढंच घाला, पण ती अर्धा तास ४० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा. जवळ बर्नर पेटता नको.

आता दोन्हींत भरपूर गार सलाइन घाला. पहिलीतला साका बराचसा विरघळतो, दुसरीतल्या गुठळ्या तशाच राहतात. म्हणजे पहिलीतलं प्रोटीन नुसतं खाली बसलं होतं, दुसरीतलं मोडलं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (विद्युतभारांमधली ओढ कमी करायची क्षमता) ८०च्या आसपास, इथेनॉलचा २४च्या. मिश्रणात तो घसरला की प्रोटीनचे रेणू एकमेकांना ओढतात आणि खाली बसतात. घडी मोडणं ही वेगळी गोष्ट. आत दडलेल्या, पाणी टाळणाऱ्या साखळ्यांना अल्कोहोलमध्ये लपायची गरज उरत नाही, त्यामुळे प्रोटीन कमी तापमानालाच उलगडतं. १९४०च्या दशकात एडविन कोन यांनी रक्तातला अल्ब्युमिन (एक प्रोटीन) ४० टक्के इथेनॉलमध्ये वेगळा केला, तो उणे ५ अंशांना, म्हणूनच तो शाबूत राहिला.

इथली मुलं हमखास विचारतात, वायनरीत रेड वाइन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा भाग घालतात, तो अल्कोहोलने गोठतो का? नाही, तिथे काम टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतलं तुरट द्रव्य) करतं. वाइनमधलं १२-१४ टक्के अल्कोहोल गोठवायला पुरत नाही.

सबयुनिटच्या (एका प्रोटीनमध्ये एकत्र जुळलेल्या सुट्या साखळ्यांच्या) बाबतीत जास्त जपा. ती बहुतेकदा याच पाणी टाळणाऱ्या बाजूंनी चिकटलेली असतात, म्हणून घडी शाबूत असतानाही सुटी होऊ शकतात. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन खारट पाण्यात चौकडीने राहतं. मिथेनॉलमध्ये ते एकेकटं होतं, पण त्याची हेलिक्स (साखळीची स्प्रिंगसारखी गुंडाळी) टिकते. उलट अल्कोहोलमध्ये हेलिक्सचे हायड्रोजन बंध बळकटच होतात. तेव्हा एन्झाइमची अॅक्टिव्हिटी गेली तर आधी डायल्यूट करून ती परत येते का पाहा. सोय असेल तर जेल फिल्ट्रेशन (कॉलममधून रेणू आकाराप्रमाणे वेगळे करणं) करा, मात्र कॉलमच्या बफरमध्येही तेवढंच अल्कोहोल हवं, नाहीतर सुटलेली सबयुनिटं कॉलममध्येच पुन्हा जुळतील.

आणि इथेनॉल संपलं म्हणून तेवढ्याच टक्क्यांचं प्रोपेनॉल घालू नका. कार्बनची साखळी लांबली की घडी मोडायची ताकद वाढते.